घोड्याच्या साजातील पक्की बंधने

मराठीत गाठीची दोन नावे आहेत. जितकी ओढावी तितकी आवळत जाते आणि नखांनीही सुटता सुटत नाही, ती निरगाठ. मोकळ्या टोकाला एक हिसका दिला की सुटते, ती सुरगाठ. विहिरीत पोहरा सोडणारा मनुष्य निरगाठ मारतो. गोठ्यात जनावर बांधणारा जाणता मनुष्य सुरगाठ मारतो. दोघांचेही बरोबर आहे, कारण दोघांची गरज वेगळी आहे. परंतु काही ठिकाणी एकाच बंधनाने निरगाठीसारखे घट्ट धरावे आणि सुरगाठीसारखे झटकन सुटावे, अशी दुहेरी अपेक्षा असते. घोड्याचा साज हे अशा ठिकाणांपैकी एक होय.

ओल्या रस्त्यावर टांग्याचा घोडा घसरून पडला आहे, अशी कल्पना करा. दोन दांड्यांच्या मध्ये तो आडवा झाला आहे. गाडीचा भार पट्ट्यांमधून त्याच्या अंगावर आला आहे आणि उठण्यासाठी तो पाय झाडीत आहे. अशा वेळी गाडीवानाचे पहिले काम म्हणजे घोडा गाडीपासून मोकळा करणे. पण जी बकले सकाळी सहज लागली, तीच आता ताणामुळे हलत नाहीत. चाकूने चामडे कापणे एवढाच मार्ग उरतो, आणि तेवढ्या अवधीत घोड्याचा पाय मोडू शकतो किंवा सोडविणाऱ्याला लाथ बसू शकते. हे संकट चामड्याच्या दुबळेपणामुळे आलेले नाही. बंधनाची रचना करताना ते कोणत्या स्थितीत सोडावे लागेल, याचा विचार झाला नव्हता, हे त्याचे खरे कारण आहे.

मोटारगाड्यांच्या प्रसारानंतर घोडागाड्या झपाट्याने कमी झाल्या. मुंबईत हौसेच्या फेरफटक्यासाठी व्हिक्टोरिया गाड्या चालविणे बेकायदेशीर आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली दिला. तरीही देशात काही ठिकाणी टांगे चालतात, लग्नाच्या मिरवणुकीत बग्ग्या दिसतात, आणि २६ जानेवारी २०२४ रोजी राष्ट्रपती चाळीस वर्षांच्या खंडानंतर पुन्हा घोड्यांच्या बग्गीतून प्रजासत्ताकदिनाच्या संचलनाला आल्या. जेथे घोडा जुंपला जातो, तेथे त्याच्या साजातील प्रत्येक कडीचा प्रश्न आजही जिवंत आहे.

साजाचे मुख्य भाग

बैलाच्या मानेवर जू ठेवले जाते आणि जुपणीने त्याची मान शिवळांशी बांधली जाते. बैलाचे वशिंड जुवाला मागून आधार देते. घोड्याला वशिंड नसते. म्हणून त्याच्या ओढीचा जोर खांद्यांवर किंवा छातीवर घ्यावा लागतो. त्यासाठी गळ्यात भरीव गादीचे कडे घालतात किंवा छातीवर रुंद पट्टा बांधतात. तेथून दोन्ही कुशींच्या बाजूने दोन लांब पट्टे मागे गाडीपर्यंत जातात. त्यांना आपण ओढपट्टे म्हणू. गाडी पुढे जाते ती ह्या दोन पट्ट्यांमुळे.

दुसरा महत्त्वाचा भाग म्हणजे पुठ्ठ्यामागून जाणारा आडवा पट्टा. उतारावर गाडी घोड्याच्या अंगावर येऊ लागली की घोडा ह्या पट्ट्यावर रेलून तिला थोपवून धरतो. ओढपट्टा तुटला तर गाडी थांबेल किंवा तिरकी होईल. परंतु उतारावर मागचा पट्टा तुटला तर गाडी घोड्याच्या मागच्या पायांवर आदळेल आणि घोडा उधळेल. याशिवाय पोटाखालून जाणारा तंग, पाठीवरील लहान खोगीर, तोंडातील लगाम आणि डोक्यावरील पट्टे असतात. हे सर्व भाग बकले, कड्या आणि आकडे यांनी एकमेकांना जोडलेले असतात.

किती जोर सहन करावयाचा?

कोणतेही बंधन घडविण्यापूर्वी त्यावर किती भार येणार हे ठरवावे लागते. जेम्स वॉटने अश्वशक्तीचे जे परिमाण रूढ केले, त्यात घोडा मिनिटाला २२० फूट चालत असता १५० पौंड, म्हणजे सुमारे ६८ किलोग्रॅम, इतक्या जोराने ओढतो असा हिशेब बसतो. दिवसभराच्या कामात घोडा साधारणपणे आपल्या वजनाच्या एकदशांश इतक्या जोराने ओढतो असे मानतात. म्हणजे ५०० किलोग्रॅम वजनाच्या घोड्याची नेहमीची ओढ सुमारे ५० किलोग्रॅम आणि प्रत्येक ओढपट्ट्यावरचा ताण २५ किलोग्रॅम झाला.

एवढ्यावरून २५ किलोग्रॅमसाठी कडी घडविणे मोठी चूक ठरेल. चाक खड्ड्यात रुतले की घोडा क्षणभर आपले बहुतेक सारे वजन पुढे टाकून ओढतो. वळणावर हा सगळा ताण एकाच पट्ट्यावर येऊ शकतो. शिवाय सैल पडलेला पट्टा एकदम ताठ झाला म्हणजे हिसका बसतो, आणि हिसक्याचा जोर सावकाश ओढीच्या कितीतरी पट असतो. चामडे थोडे ताणले जाते म्हणून हिसका सौम्य होतो. लोखंडी साखळी ताणली जात नाही म्हणून तोच हिसका कडीवर कडक बसतो. यासाठी नेहमीच्या ओढीच्या वीस-पंचवीस पट भार सहन करील अशी कडी घेणे हा अतिरेक नव्हे. अभियंते ह्या जादा ताकदीला सुरक्षा-गुणक म्हणतात.

बकलाचे गुण आणि दोष

बकल ही मनुष्याच्या जुन्या आणि गुणी युक्त्यांपैकी एक आहे. चौकटीतून पट्टा ओढून घ्यावयाचा, काटा भोकात घालावयाचा आणि पट्टा मागे सोडावयाचा. पट्टा ताणला गेला की काटा चौकटीच्या दांडीवर दाबला जातो. ताण वाढेल तसा हा दाब वाढतो, म्हणून चांगले बकल धक्क्यांनी आपोआप सुटत नाही. त्याला चाप, स्प्रिंग किंवा पाचर यांची गरज नसते. म्हणूनच ते शतकानुशतके टिकले.

परंतु जे बकलाचे बळ तीच त्याची उणीव. काटा भोकातून काढण्यासाठी पट्टा आधी आणखी थोडा ओढावा लागतो. पट्ट्यावर १०० किलोग्रॅमचा ताण असेल, तर तो सैल करण्यासाठी १०० किलोग्रॅमहून अधिक जोर लावावा लागेल. एका मनुष्याच्या बोटांना हे शक्य नाही. म्हणजे बकल ही धातूची निरगाठ आहे. जे पट्टे स्वस्थ उभ्या घोड्यावर बांधावयाचे व सोडावयाचे, त्यांना बकल उत्तम. जो पट्टा संकटात सोडावा लागेल, त्याला ते पुरेसे नाही.

बकल निवडताना आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. काट्याचे टोक दांडीवर पूर्ण टेकले पाहिजे. आखूड काटा आतून निसटतो. चौकटीचे आतले कोपरे गोलसर हवेत, कारण तीक्ष्ण कोपऱ्यात ताण एकवटतो आणि चीर तेथूनच सुरू होते. आणि भोकामुळे पट्टा दुबळा होतो हे विसरू नये. ३० मिलिमीटर रुंद पट्ट्यात ६ मिलिमीटरचे भोक पाडले, तर त्या जागी एकपंचमांश चामडे कमी झाले. म्हणून भोके एकमेकांच्या फार जवळ किंवा पट्ट्याच्या कडेला पाडू नयेत.

झटकन जोडण्याची गरज

सोडण्याप्रमाणेच कधी कधी जोडण्याचीही घाई असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील शहरांचे आगीचे बंब घोडे ओढीत. घंटा वाजल्यावर एकेक बकल लावीत बसण्यास सवड नसे. तेव्हा साज घोड्यांच्या जागेवर छताला टांगून ठेवण्याची पद्धत निघाली. घोडे आपापल्या जागी येऊन उभे राहिले की साज त्यांच्या पाठीवर सोडीत. गळ्यातील कडे वरच्या बाजूस बिजागरीचे असे आणि खालच्या बाजूस चापाने मिटे. लगामाच्या दोऱ्याही चापाच्या आकड्यांनी जोडल्या जात. मिनिटांचे काम काही सेकंदांवर आले. न्यूयॉर्कच्या अग्निशामक दलातील घोड्यांची अखेरची फेरी २० डिसेंबर १९२२ रोजी झाली आणि ही कला मागे पडली. परंतु मिटताच आपोआप बंद होणाऱ्या चापाचे महत्त्व तिने दाखवून दिले.

भार एकाने वाहावा, अडसर दुसऱ्याने घालावा

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. पूर्ण ताण असतानाही हाताने सुटेल, आणि तरीही आपोआप सुटणार नाही, असे बंधन कसे करावे?

जुन्या वाड्याच्या दाराचा अडसर आठवा. बाहेरून दार ढकलणाऱ्याचा जोर अडसराच्या लांबीला आडवा लागतो. अडसर सरकतो तो मात्र भिंतीतील खोबणीत, लांबीच्या दिशेने. म्हणून बाहेर मोठा जोर असला तरी आतील मनुष्याला त्या जोराशी सरळ झुंजावे लागत नाही. फक्त घर्षणावर मात करावी लागते. साजातील सुरक्षित बंधनाचे रहस्य हेच आहे. मुख्य ओढ एका भक्कम अवयवाने वाहावी. त्या अवयवाला जागेवर ठेवण्याचे काम दुसऱ्या लहान अवयवाने करावे. आणि हा दुसरा अवयव ओढीच्या दिशेला आडवा सरकावा किंवा त्याच्यावर ओढीचा अगदी थोडा अंश यावा.

जहाजांवर साखळ्या धरून ठेवण्यासाठी एक विशिष्ट आकडा वापरतात. आकड्याचे एक टोक खिळीभोवती फिरते. खिळीपासून थोड्या अंतरावर भार लटकतो आणि आकड्याची लांब दांडी मागे वळून एका सरकत्या कड्यात अडकविलेली असते. समजा, भार १०० किलोग्रॅम आहे, तो खिळीपासून १ सेंटिमीटरवर लागतो आणि कडे ८ सेंटिमीटरवर आहे. तरफेच्या नियमाने कड्यावर १०० ÷ ८, म्हणजे १२.५ किलोग्रॅम दाब येईल. कडे दोन बाजूंनी घासते. प्रत्येक बाजूचे घर्षण दाबाच्या एकपंचमांश धरले, तर कडे सरकविण्यास २ × २.५ = ५ किलोग्रॅम जोर पुरेल. बकलाला जेथे १०० किलोग्रॅमहून अधिक लागत होते, तेथे हे काम ५ किलोग्रॅमने झाले. कडे सरकताच आकडा उलटतो आणि भार मोकळा होतो.

घोडा बांधण्याच्या दोरीला लावतात तो झटपट सुटणारा आकडा ह्याच तत्त्वावर चालतो. त्यात आकड्याचा मागचा भाग एका नळीत धरलेला असतो आणि स्प्रिंग त्या नळीला जागेवर ठेवते. नळी मागे ओढली की दोरी कितीही ताणलेली असली तरी आकडा उघडतो. साधा चापाचा आकडा मात्र असे करू शकत नाही. त्याचा चाप अंगठ्याने मागे घेता आला, तरी ताणलेली कडी आकड्याच्या पोटात रुतून बसते; दोरी सैल झाल्याविना ती बाहेर येत नाही. दोन्ही आकडे दुकानात शेजारी टांगलेले असतात आणि अनोळखी माणसाला सारखेच वाटतात. पण संकटाच्या वेळी एक सुरगाठ ठरतो आणि दुसरा निरगाठ.

घोडागाड्यांच्या आधुनिक शर्यतींतही हा विचार दिसतो. चार घोड्यांच्या गाड्यांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७२ साली जर्मनीतील म्युन्स्टर येथे झाली. अशा स्पर्धांतील अडथळ्यांच्या फेरीत पुष्कळ सारथी ओढपट्ट्यांच्या टोकांना शिडाच्या नौकांवरील झटपट सुटणाऱ्या कड्या लावतात. समुद्रावरच्या माणसाची आणि सारथ्याची अडचण एकच आहे: ताणलेली दोरी त्याच क्षणी सोडता आली पाहिजे.

स्वार आणि रिकीब

हेच तत्त्व जिनाच्या रिकिबीलाही लागू पडते. स्वार पडला आणि त्याचा पाय रिकिबीत अडकला, तर घोडा त्याला फरफटत नेतो. म्हणून रिकिबीचा पट्टा जिनाखालील ज्या लोखंडी दांडीवर अडकवितात, ती मागच्या टोकाला उघडी ठेवतात. स्वार बसलेला असताना भार खाली असतो, म्हणून पट्टा दांडीवर टिकतो. तो पडून मागे ओढला गेला की पट्टा मागे सरकून दांडीवरून निसटतो. येथे सोडण्यासाठी मनुष्याचा हातही लागत नाही. भाराची बदललेली दिशाच बंधन सोडते. काही जिनांत ह्या दांडीच्या टोकाला लहान चाप असतो. तो वर करून ठेवला, तर दांडीचे तोंड मिटते आणि सुरक्षिततेची सोय आपल्याच हाताने नाहीशी होते.

नको तेव्हा सुटणे

झटकन सुटणारे बंधन नको तेव्हा सुटले, तर तोही अपघातच. घोडा अंग खांबाला घासतो, मान झटकतो, शेपूट पट्ट्यांत अडकवितो. म्हणून उघडण्याची हालचाल अशी असावी की घासण्याने, हादऱ्यांनी किंवा वजनाने ती आपोआप घडू नये. सरकते कडे स्वतःच्या वजनाने उघडण्याच्या दिशेला घसरेल असे कधीही लावू नये. आकड्याचे तोंड घोड्याच्या कातडीपासून दूर वळलेले असावे, नाहीतर नाकपुडी, पापणी किंवा आयाळ त्यात सापडते. आणि उघडण्यासाठी एकच हात पुरावा, कारण दुसरा हात बहुधा घोड्याचे डोके धरण्यात गुंतलेला असतो.

धातूची निवड

आकार उत्तम असला तरी धातू वाईट असल्यास सर्व व्यर्थ. घोड्याचा घाम खारट असतो आणि तबेल्याची हवा दमट असते. त्यामुळे साधे लोखंड गंजते आणि स्प्रिंग अडकते. जस्ताच्या स्वस्त ओतीव आकड्यांवर चकचकीत मुलामा असतो, पण हिसका बसताच ते वाकण्याऐवजी एकदम तुटतात. आधी वाकून सूचना देणारा धातू हा न सांगता तुटणाऱ्या धातूपेक्षा केव्हाही बरा.

पितळेविषयी भारतातीलच एक बोधप्रद इतिहास आहे. ब्रिटिश अमदानीत पावसाळ्यात लष्कराच्या हालचाली थंडावत आणि काडतुसे तबेल्यांत साठवून ठेवली जात. पावसाळा संपल्यावर पाहावे, तर पितळी काडतुसांना चिरा पडलेल्या असत. ह्या दोषाला ऋतूवरूनच नाव मिळाले. त्याचे पूर्ण कारण १९२१ साली स्पष्ट झाले: घोड्यांच्या मुत्रातून निघणारा अमोनिया वायू आणि थंड स्थितीत ओढून घडविलेल्या पितळेत दडून राहिलेला ताण, ह्या दोहोंमुळे पितळ चिरत होते. घडविलेली वस्तू बेताने तापवून हा दडलेला ताण काढून टाकला की धोका पुष्कळ कमी होतो. ज्या तबेल्यात साज टांगावयाचा तेथेच अमोनिया असतो. म्हणून थंड स्थितीत वाकवून केलेली पितळी कडी अशी तापवून घेतली आहे की नाही, हे विचारणे अगत्याचे आहे.

जाणूनबुजून ठेवलेली दुबळी जागा

प्रत्येक बंधन अतूट असावे, असेही नाही. खुंटीला बांधलेला घोडा भ्याला की मागे सरतो. डोक्यामागे पट्ट्याचा दाब बसताच तो अधिकच जोराने मागे ओढतो. दोरी, मोहरकी आणि कडी ही तिन्ही अतूट असतील, तर इजा होते ती घोड्याच्या मानेला. म्हणून जाणते लोक भिंतीतील कडीत सुतळीचा एक फेरा बांधून त्यात दोरी अडकवितात, किंवा मोहरकीचा डोक्यावरचा पट्टा साध्या चामड्याचा ठेवतात. अतिरेकी ताणाला काहीतरी तुटणारच असेल, तर काय तुटावे हे आपण आधी ठरवावे, असा ह्याचा अर्थ. मात्र उतारावर गाडी थोपविणाऱ्या पट्ट्यात अशी दुबळी जागा ठेवणे घातक होय. एकच नियम सर्वत्र लावता येत नाही. प्रत्येक पट्टा तुटला तर काय होईल, हा प्रश्न वेगवेगळा विचारावा लागतो.

करून पाहण्याजोगा प्रयोग

शाळेत हे सहज पडताळून पाहता येईल. पाण्याने भरलेली बादली दोरीने आढ्याला आधी निरगाठीने व मग सुरगाठीने टांगा, आणि ती न उचलता दोन्ही गाठी सोडून पाहा. बादली जमिनीपासून चार बोटांपेक्षा उंच नसावी. नंतर एक मजबूत लाकडी पट्टी एका टोकाला खिळ्यावर सैल बसवा, म्हणजे ती फिरू शकेल. खिळ्यापासून २ सेंटिमीटरवर ५ किलोग्रॅम भार टांगा आणि २० सेंटिमीटरवर ताणकाट्याने पट्टी आडवी धरून ठेवा. पट्टीच्या वजनामुळे येणारा अंश वजा केला, तर काटा सुमारे अर्धा किलोग्रॅम दाखवील. भार एक ठिकाणी आणि अडसर दुसरीकडे ठेवल्याने काय साधते, हे ह्या एका आकड्यावरून कळेल.

कोणतीही नवी कडी वापरण्यापूर्वी तिचीही अशीच परीक्षा घ्यावी. अपेक्षित भाराहून अधिक भार टांगून ती वाकते का ते पाहावे. भार असतानाच एका हाताने सुटते का, चिखल माखून व हलवून, झटके देऊनही मिटलेली राहते का, हेही पाहावे. दुकानात हातात घेऊन उघडझाप करणे म्हणजे परीक्षा नव्हे, कारण तेथे तिच्यावर ताण नसतो आणि घोडा घाबरलेला नसतो. आपल्या साजातील प्रत्येक कडी आज शांतपणी तपासावी. पडलेल्या घोड्याजवळ उभे राहून ती तपासण्याची वेळ येऊ देऊ नये.